सुपडू मिस्तरी आणि बोटीची ट्रॉली

सुपडू मिस्तरींकडे कोणी काही दुरुस्तीला आणलं की ते आधी त्या वस्तूकडे बघायचेच नाहीत. आणणाऱ्या माणसाकडे बघायचे आणि विचारायचे, "याच्या आधी हात कोनी लावला शे?"

लोखंडी गेट असो, उसाच्या रसाचं यंत्र असो, नाहीतर पाण्याच्या टँकरचा हुक असो, पहिला प्रश्न हाच. बहुतेक माणसं आधीच्या कारागिराचं नाव सांगायची आणि लगेच त्याला शिव्या घालायला लागायची. मिस्तरी नाव ऐकून घ्यायचे, शिव्या ऐकायचे नाहीत. म्हणायचे, "तो काय करी गया तेवढं सांगा. शिव्या घरी जाऊन द्या." एखादा छातीठोक सांगायचा की नाही हो, कोणीच हात लावला नाही, कंपनीतून आलं तसंच आहे. मग मिस्तरी खिशातली किल्ली काढून रंग खरवडायचे. रंगाखाली जुना जोड दिसायचा. "मग हे काय, गोवर उठला का?" एवढंच बोलून कामाला लागायचे.

मी हिराबाई. चौथीपर्यंत शिकले, लिहायची सवय नाही. पण मिस्तरींना ओळखणारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि जी आहेत ती त्यांना उठसूट देवमाणूस म्हणतात. देवमाणूस वगैरे काही नव्हते ते. रागीट होते, हट्टी होते, आणि एकदा त्यांच्या हातून असं काम झालं की माणसं मेली असती. ते सांगितल्याशिवाय मिस्तरी कोण होते हे कळायचं नाही.

आमची ओळख नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात झाली. तिथे मी बर काढायचं काम करायची. लोखंड कापलं की कडेला बारीक करवतीसारखी धार राहते, तिला बर म्हणतात. ती कानशीने घासून काढायची. दिवसाला शेकड्यांनी तुकडे. मिस्तरी तिथे वेल्डर होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझा एक तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा माझ्यासमोर धरला. रक्त आलं होतं.  तुकडा परत ठेवला आणि गेले. त्यानंतर एकोणीस वर्षं मी तिथे होते, पण माझ्या तुकड्याने कोणाचं रक्त काढलं नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा मिस्तरींनी अंबडच्याच मागच्या रस्त्याला पत्र्याची शेड घेतली. मला निरोप पाठवला. मी गेले तर म्हणाले, "माले आता बारीक दिसत नही. तुमचं बोट माझ्या डोळ्यापेक्षा बरं शे." नोकरीवर घेताना कोणी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. पुढेही केलं नाही. त्यांच्या तोंडातला सगळ्यात मोठा शब्द "चालेल" हा होता. उत्तम झालेलं कामही चालेल, बायकोने केलेली शेवेची भाजीही चालेल. बायको गेली त्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "तिला म्हनायला पाहिजे व्हतं, चांगली व्हती म्हनून." 

ते सटाण्याकडचे. चाळीस वर्षं नाशकात काढली तरी बोलण्यातला अहिराणी 'शे' गेला नाही. रागावले की जास्त यायचा. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर आईने सुपात टाकलं आणि परत उचलून घेतलं. असं केलं की मूल जगतं अशी त्यांच्याकडे समजूत. म्हणून नाव सुपडू. बुटके होते. दोन्ही हातांवर ठिणग्यांचे डाग, चष्म्याला काळा दोरा. आणि एक खोड होती, तीच नडली. डोक्यावर माणूस उभं राहिलेलं त्यांना सोसायचं नाही. गिऱ्हाईक येऊन शेजारी उभं राहिलं की त्याला हाकलायचे नाहीत, त्याला लवकर वाटेला लावायला हात घाईने चालवायचे. मी कितीदा सांगितलं, त्याला बाहेर बाकड्यावर बसवा. त्यांना ते उद्धटपणाचं वाटायचं.

उन्हाळ्यात एक दिवस सायखेड्याचे भाऊसाहेब बोटीची ट्रॉली घेऊन आले. सायखेडा अगदी गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठावर. पाणी वाढलं की नदीकाठच्या आळीत घुसतं. गावाला एक फायबरची बोट मिळालेली, आणि पोहणाऱ्या अकरा जणांनी मिळून गट केलेला. भाऊसाहेब त्या गटाचे प्रमुख. एरवी द्राक्षबागायतदार. बोट शाळेच्या आवारात दोन चाकांच्या ट्रॉलीवर ठेवलेली असते. पाणी आलं की ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची, उलटी पाण्यात घालायची आणि बोट सोडायची. पाणी आज इकडून चढतं, उद्या तिकडून, त्यामुळे बोट सारखी हलवावी लागते. ट्रॉली नसेल तर बोट म्हणजे नुसती गुरांना पाणी पाजायची दोण.

आता ट्रॉली वर्षभर रिकामी उभी. रिकामी ट्रॉली आणि उन्हाळ कांदा एका गावात फार दिवस गुण्यागोविंदाने राहत नाहीत. गटातल्याच कोणीतरी बोट खाली टायरांवर उतरवली आणि ट्रॉलीवर कांद्याच्या गोण्या भरून बाजारात नेल्या. एक नाही, चार खेपा. दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा असतो, एक्सल, तो मधोमध वाकला. कोणी नेल्या होत्या गोण्या, असं मिस्तरींनी विचारलं तर भाऊसाहेब शेडच्या पत्र्याकडे बघायला लागले. मिस्तरींनी जे समजायचं ते समजून घेतलं.

त्या दिवशी दोन वाजता लाईट जाणार होती. भाऊसाहेबांना ट्रॉली आजच्या आज हवी होती. ते डोक्यावर उभे राहिले आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायला लागले. मिस्तरींनी एक्सल लाल करून सरळ केला. पुन्हा वाकू नये म्हणून खालून जाड पट्टी जोडायची ठरली. असं काम करताना चाकं आधी काढून ठेवायची असतात. चाकं काढली नाहीत.

वेल्डिंगच्या मशीनला दोन वायरी असतात. एक मिस्तरीच्या हातात. दुसरीच्या टोकाला चिमटा असतो, तो त्याच लोखंडाला लावायचा, म्हणजे करंट फिरून परत जातो. चिमटा लावणं माझं काम. एक्सलवर जाड रंग होता, चिमटा पकडेना. किल्लीने रंग खरवडायला हवा होता. मी खरवडला नाही. उजव्या चाकाच्या मधलं लोखंड उघडं दिसत होतं, तिथे लावून टाकला. मिस्तरींनी काच डोळ्यांवर ओढली आणि ठिणग्या उडायला लागल्या. पावणेदोनला ट्रॉली रस्त्याला लागली. मिस्तरी म्हणाले, चालेल.

पंधरा दिवसांनी भाऊसाहेब पुन्हा आले. पिकअपमध्ये नुसता एक्सल आणि चाकं. मिस्तरी पाठमोरे बसून ग्राइंडर चालवत होते. लोखंड खाली ठेवल्याचा आवाज आला तसा त्यांनी मान न वळवताच विचारलं, "याच्या आधी हात कोनी लावला शे?"

"तुम्ही," भाऊसाहेब म्हणाले.

मिस्तरींनी ग्राइंडर बंद केला.

झालं होतं असं. पावसाळ्याच्या आधी सराव म्हणून गटाने बोट घाटाकडे काढली. वाटेत उजवं चाक कण्हायला लागलं, मग धूर आला, मग चाकच निघालं आणि गडगडत पुढे एकाच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात जाऊन पडलं. बोट कलंडली. एकाची नडगी सोलवटली, बाकी कोणाला काही नाही. कोरडा दिवस होता. "पान्याच्या दिवशी झालं असतं ना," असं म्हणून भाऊसाहेब थांबले. त्यांची चुलती, जिजी, नदीकाठच्या आळीत राहते. कमरेतून उठता येत नाही. मागच्या पुरात, बोट नव्हती तेव्हा, चौघांनी तिला खाटेवर घालून छातीएवढ्या पाण्यातून काढलं होतं आणि एकदा खाट हातातून सुटली होती. ती गोष्ट भाऊसाहेबांनी तेव्हा आम्हाला सांगितली. ते रागावलेले नव्हते. घाबरलेले होते.

मिस्तरींनी चाकाचा मधला भाग उघडला. ज्या गोल टोकावर चाक बसतं ते टोक चघळलेल्या उसासारखं झालं होतं. आतलं बेअरिंग जळून काळं पडलेलं. जे दोन-चार रोलर शाबूत होते त्यांतला एक त्यांनी डिझेलमध्ये धुतला आणि माझ्या हातात दिला. "बोट फिरवा." मी नख फिरवलं. देवीचे वण असतात तसे बारीक बारीक खड्डे, ओळीने. गंजाचा खड्डा बोटाला भुसभुशीत लागतो. हे खड्डे टणक होते, कडांना वितळलेले. मला कळलं. चिमटा चाकाला होता, म्हणजे वेल्डिंगचा सगळा करंट या बेअरिंगमधून गेला होता. दर ठिणगीला आत एक खड्डा पडला होता. वरून काही दिसणार नव्हतं.

मी खड्डे आहेत एवढंच म्हणाले. मिस्तरींनी माझ्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात भाऊसाहेबांनीच वाट काढून दिली. म्हणाले, "बेअरिंग डुप्लिकेट आसल, नाय का? आजकाल लय डुप्लिकेट माल येतो. आपन दुकानदाराला धरू."

मी मनात म्हटलं, हो म्हणा. एवढं खोटं माझ्या पोटात मावलं असतं. दुकानदारही काही आमच्या नात्यातला नव्हता.

मिस्तरी म्हणाले, "बेअरिंग चांगलं व्हतं. मी जाळलं. मन्ही चूक शे."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. करंट कुठून आला, कुठून गेला. चिमटा कोणी लावला ते सांगितलं नाही. मी तोंड उघडलं तर हात वर करून मला थांबवलं. मी थांबले. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

भाऊसाहेब आता मात्र रागावले. म्हणाले, "मिस्तरी, अकरा मानसं बसनार व्हती त्याच्यात. लोखंड जोडायला दिलं व्हतं तुमच्याकडं, मानसं बुडवायला नाय." एक्सल आणि चाकं पुन्हा पिकअपमध्ये टाकली आणि दुसऱ्या मोठ्या वर्कशॉपला देतो म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर पोहोचले तर मिस्तरी कुलूप लावून बाहेर उभे. म्हणाले, चला, सायखेड्याला. मी म्हटलं, कशाला? माफी मागून झाली, गिऱ्हाईक गेलं, आता काय पाया पडायला जायचं? तर म्हणाले, "तो एक्सल कोनाच्या तरी हातात जाईल. तो झिजलेल्या टोकावर वेल्डिंगची भरती मारील, घासून चकचकीत करील आनि देईल. पन तो एक्सल मी लाल करेल शे. त्यात जीव उरला नही. हे त्याला कोन सांगील? हे फक्त माले माहीत शे."

म्हणजे दुसऱ्याला रोज जो प्रश्न विचारायचे, त्याचं उत्तर द्यायला निघाले होते. आम्ही दोन बस बदलून गेलो. 

गावात गेल्यावर भाऊसाहेब एकटे भेटायला तयार होते, पण मिस्तरींनी हट्ट धरला की सगळ्या गटाला बोलवा, जे बसणार आहेत त्यांना कळलं पाहिजे. मग घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर सगळे जमले. धुणं धुणाऱ्या बायकाही हात थांबवून बघायला लागल्या. एक्सल अजून पिकअपमध्येच होता, तो खाली काढून घेतला. मिस्तरींनी खडूने त्याच्यावर खुणा केल्या. इथे मी तापवला, इथे पट्टी जोडली, इथून करंट गेला. शाळेतला मुलगा पाढे म्हणतो तसं एका सुरात सांगत होते.

एकाने विचारलं, "एवढं सगळं माहीत व्हतं तं त्या दिवशी कुठं गेलं व्हतं?"

"घाईत गेलं," मिस्तरी म्हणाले.

ज्याची नडगी सोलवटली होती तो म्हणाला, "आता परत तुमच्याकडंच द्यायची म्हना की. ह्या खेपी दोन्ही चाकं काढा, म्हंजी बोट सरळ तरी पडल." सगळे हसले. मिस्तरी हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. म्हणाले, माझ्याकडे देऊ नका, चालेल. पण हा एक्सल कोणालाही देऊ नका. भंगारात टाका, नवा करून घ्या, आणि जो करील त्याला मी सांगितलं ते सगळं सांगा. मग खडू खिशात टाकला आणि उठले.

घाटाच्या अगदी वरच्या घराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बसलेली होती. तीच जिजी. तिथून ती मोठ्याने बोलली, "भाऊ, दुसऱ्याकडं टाकशील तं त्यो काय जाळील ते आपल्याला कळनारबी नाय. ह्याचं निदान कळतं तरी."

"जिजी, तू गप बस."

"का गप बसू? पानी आलं की बोटीत मला टाकनार ना तुम्ही? मंग मी सांगते."

 भाऊसाहेबांनी डोकं खाजवलं. शेवटी ठरलं की काम मिस्तरींनीच करायचं, पण अंबडला नाही, इथे गावात, सगळ्यांच्या समोर. मिस्तरी म्हणाले, चालेल, माझी पण एक अट शे. समोर बसा. उभं राहू नका.

नवा एक्सल त्यांनी अंबडला ओळखीच्या लेथवर भरीव सळईतून काढून घेतला. तो निघेपर्यंत लेथजवळ स्टूल टाकून बसले होते, स्वतः गिऱ्हाईक असून डोक्यावर उभे राहिले नाहीत. पुढचे तीन दिवस आम्ही शाळेच्या आवारात लिंबाखाली. वेल्डिंगचं मशीन नेलंच नाही. सगळं बोल्टवर बसवलं, एक ठिणगी उडवली नाही. गटातली माणसं समोर सतरंजीवर मांडी घालून बसलेली, कीर्तनाला बसल्यासारखी.

आणि मिस्तरींनी त्यांना नुसतं बसू दिलं नाही. प्रत्येकाने एकदा चाक उघडायचं, बेअरिंग धुवायचं, ग्रीस भरायचं, परत बसवायचं. म्हणाले, ट्रॉली पाण्यात जाते, आतलं ग्रीस वाहून जातं, हे दरवर्षी करावं लागेल. मी काय तुम्हाला जन्मभर पुरणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बघितलं की बायका पाण्याला येता-जाता थांबून बघतात. तर म्हणाले, यांना पण बसवा. एक जण पुटपुटला की बायकांचं काय काम. मिस्तरी म्हणाले, "पानी येतं तेव्हा तुम्ही मळ्यात असता. घरी कोन असतं?"

जिजीची सून मंदा पुढे झाली. तिने तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंग त्यावर दाबत दाबत असं भरलं की पलीकडच्या बाजूने ग्रीस सारखं बाहेर आलं. पुरण भरणाऱ्या हाताला ते सांगावं लागलं नाही. मिस्तरींनी बेअरिंग उजेडात धरलं, फिरवलं आणि म्हणाले, "चालेल." पुरुषांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. दोन दिवस खपून त्यांच्यापैकी कोणाला तो शब्द मिळाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. बोटीत अकराच्या अकरा माणसं बसवली आणि ट्रॅक्टर गावातल्या सगळ्यात खराब रस्त्याने काढला. मागून मिस्तरी चालत, हात पाठीवर बांधून, मान चाकाकडे झुकवून. रस्त्यावरचे लोक विचारायचे, कोणाची मिरवणूक? दर फेरीनंतर ट्रॅक्टर थांबवायचा आणि हाताची उलटी बाजू चाकाच्या मध्यावर लावून बघायची. तीन फेऱ्या झाल्या, मग ट्रॉली उलटी घालून पाण्यात बुडवली, परत काढली, पुन्हा एक फेरी. मिस्तरींनी हात लावला. मलाही लावायला सांगितला. गार होतं.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. आठ दिवस ते माझ्या छातीवर बसलं होतं. मी म्हटलं, मिस्तरी, चिमटा मी लावला होता चाकाला. तुम्ही माझं नाव घेतलं नाही. माझी चूक तुम्ही अंगावर घेतली.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखादा साधा बोल्ट उलटा बसवला आहे. "तुमची कशी अंगावर घेतली? चिमटा मी देखेल व्हता."

"कधी?"

"काच खाली घ्यायच्या आधी. देखेल व्हता चाकावर शे म्हनून. म्हटलं, चार जोड तं मारायचे शेत, चालेल." मग खिडकीबाहेर बघून म्हणाले, "तुमची चूक नही असं मी म्हनत नही. पन तुम्हाला माहीत नव्हतं काय व्हईल ते. माले माहीत व्हतं. देखीसन गप्प बसनं ही मन्ही चूक."

मी आठ दिवस समजत होते की हा माणूस माझ्यावर उपकार करतो आहे. तो उपकार नव्हता. ते नुसतं खरं बोलत होते, जेवढं स्वतःचं होतं तेवढंच सांगत होते. मला ते उपकारापेक्षा बरं वाटलं. उपकाराचं ओझं होतं, याचं काही ओझं नव्हतं. पुढे नाशिक येईपर्यंत मी झोपले.

श्रावणात धरणातून पाणी सोडलं. सकाळपासून सायखेड्याच्या बातम्या येत होत्या. अंबडला आम्ही उंचावर, शेडमध्ये कोरडं. पण मिस्तरींनी त्या दिवशी एकाही कामाला हात लावला नाही. फोन ऐरणीवर ठेवून समोर बसले. मी चहा दिला, तो गार झाला. चार वाजता भाऊसाहेबांचा फोन आला. फोनवर त्यांचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू येत होतं.

मिस्तरींनी विचारलं, "चाक गरम व्हयनं का?"

"आवो मिस्तरी, मानसं निघाली का ते इचारा की आधी."

"चाक गार असलं तर मानसं निघालीच असतील."

निघाली होती. अख्खी आळी शाळेत पोहोचली होती. ट्रॉली सहा वेळा पाण्यात गेली आणि आली. जिजीला खुर्चीसकट बोटीत ठेवलं होतं आणि ती वाटभर सगळ्यांना कसं वल्हवायचं ते शिकवत होती. मंदा प्रत्येक खेपेनंतर चाकाला हात लावून बघत होती. फोन ठेवल्यावर मिस्तरींनी तो गार चहा पिऊन टाकला आणि एक गेट कापायला घेतलं.

पाणी ओसरल्यावर खालच्या अंगाच्या एका गावातून तसलीच ट्रॉली आमच्याकडे आली. सोबत भाऊसाहेब. त्यांनीच हसत हसत सांगितलं की त्या गावच्या माणसाने विचारलं, तुमची ट्रॉली कोणी केली? "मी म्हनलं, ज्यानं बिघडवली त्यानंच. त्याच्याकडंच जा." मिस्तरींना हे ऐकून काय वाटलं ते कळलं नाही. त्यांनी त्या नव्या माणसाला बाहेर बाकड्यावर बसवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या माघात ते मुलीकडे नांदगावला चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि तिथेच दुपारच्या झोपेत गेले. त्रास झाला नाही. दहाव्याला मी गेले, सायखेड्याचे सगळे आले होते. कोणी भाषण केलं नाही ते बरं झालं. त्याला आता काही वर्षं झाली. शेड दुसऱ्या कोणाकडे आहे, तिथे पत्र्याच्या टाक्या करतात.

या ज्येष्ठात मंदाचा फोन आला. म्हणाली, मावशी, पाऊस यायच्या आत चाकं उघडतोय, येऊन जा, एकदा तुमची नजर फिरवा. मी चष्मा घेऊन गेले. लिंबाखाली पोहोचले तर चाकं आधीच काढलेली, पाच-सहा बायका घमेल्याभोवती बसलेल्या, डिझेलमध्ये बेअरिंग. जिजी खुर्चीत. मंदाने एक रोलर माझ्या हातात दिला. मी नख फिरवलं, पण माझी बोटं आता बधिर झाली आहेत, मला काही लागेना. तसं मी तिला सांगितलं.

तिने रोलर माझ्याकडून घेतला आणि स्वतःचं नख फिरवलं. दोनदा फिरवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्ये बदलायचं. मागच्या खेपी डावीकडं ग्रीस मी कमी भरलं व्हतं. तव्हाच ध्यानात आलं व्हतं, पन बोलले नाय."

 शेजारणीने पदराला हात पुसले आणि नवं बेअरिंग पुढे केलं.

मी चहा घेतला आणि चारच्या बसने परत आले.